डाव्या पाट्याची पिन

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि त्याबरोबर आमच्या खात्याचीही वाटणी झाली. जुन्या कचेरीनं नव्या कचेरीला काय काय दिलं, त्याची टाइप केलेली यादी आली. टेबलं तीन, पैकी एकाला ड्रॉवर नाही. लोखंडी कपाट एक, किल्ली गहाळ. भिंतीवरचं घड्याळ एक, बंद. जीप एक, चालू. आणि जीपच्या खालच्याच ओळीत, ड्रायव्हर एक. त्याच्यापुढं चालू की बंद, काही लिहिलेलं नव्हतं.

मी नोकरीत नवी होते. नांदेडला वाढले, भूगर्भशास्त्र शिकले आणि पहिलीच नेमणूक लातूरला मिळाली. गावोगाव फिरून बोअर कुठं घ्यायचा ती जागा दाखवायची, हे आमचं काम. लोक त्याला ‘पॉइंट देणं’ म्हणत. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. गावागावांतून अर्ज येत होते, त्यांचा गठ्ठा बिनड्रॉवरच्या टेबलावर चढत होता, आणि तो उतरवायला चोवीस वर्षांची मी एकटी.

ड्रायव्हरना आम्ही सगळे मामा म्हणायचो. पन्नाशीच्या पुढचे, उंच, सडपातळ, टोपी कायम तिरकी. घरी भाऊ शेती करत होते. यांनी मात्र नांगराऐवजी स्टिअरिंग धरलं आणि ते पुन्हा सोडलं नाही. पहिल्या दिवशी बाजारात बैल दाखवावा तसं त्यांनी मला जीपभोवती फिरवलं.

“मॅडम, इंजिन ऐका. फकस्त इंजिन ऐका,” ते म्हणाले.

मी ऐकलं. इंजिन खरंच छान होतं. बाकीचं मी डोळ्यांनी बघितलं. हिरवा रंग कुठं संपतो आणि तांबडा गंज कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. डावीकडचं दार तारेनं बांधलेलं. माझ्या पायाखालच्या पत्र्याला बशीएवढं भोक, त्यातून खालचा रस्ता दिसायचा. मी भोकाकडं बोट दाखवलं तर मामा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या ते. पायाला वारं लागतंय.”

वारं लागत होतं, पण त्याहून जास्त धक्के लागत होते. आमच्याकडं जमिनीची तपासणी करायची एक लाकडी पेटी होती. तिच्यात काटा असलेला नाजूक मीटर. ती पेटी खाली ठेवली तर काटा मोडणार, म्हणून मी ती तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन बसायची. खड्डा आला की मी उडायचे, माझ्यामागून पेटी उडायची, आणि परत खाली येताना पेटी नेमकी माझ्या मांडीवर यायची. डब्यातलं वरण आणि भात दुपारपर्यंत एकमेकांत इतके कालवले जायचे की मला हात लावावा लागत नसे. पंधरा दिवसांत माझ्या बांगड्या फुटल्या, घड्याळ मागं पडायला लागलं, आणि कचेरीतल्या शिपायानं विचारलं, “मॅडम, तुम्ही घोड्यावर बसून जाऊन राहिलाव का?”

मी मामांना म्हटलं, गाडीला काहीतरी झालंय.

“गाडीला काय व्हतंय? गाडी ठणठणीत हाय. रस्ते बेकार हायेत.”

“मामा, काल आपण डांबरी रस्त्यानं गेलो होतो.”

“डांबर बी बेकारच टाकून राहिले आजकाल.”

आता इथं मला माझ्या वडिलांबद्दल थोडं सांगायला पाहिजे. ते नांदेडला एका गिरणीत फिटर होते. संध्याकाळी घरी आले की वस्तीतल्या विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत लोकांच्या सायकली, पंप, पिठाच्या गिरणीचे पट्टे, काय येईल ते दुरुस्त करत. मी त्यांना पाने देत बसायची. शाळेत पाढे पाठ होण्याआधी मला पान्यांचे नंबर पाठ झाले होते. जाम झालेला नट आला की ते हातातलं सगळं बाजूला ठेवत. नटाकडं बराच वेळ बघत बसत. आई म्हणायची, “इतकं माझ्याकडं कधी बघितलं न्हाई ह्यांनी.”

तर एका सकाळी मामा चहाला गेल्यावर मी साडी खोचली आणि जीपच्या पुढच्या डाव्या चाकापाशी गाडीखाली शिरून बघितलं.

चाकाच्या आतल्या अंगाला लोखंडी पट्ट्यांची एक कमान असते. एकावर एक सहा-सात पट्ट्या. तिला मेकॅनिक लोक पाटा म्हणतात. खड्डा आला की पाटा दबून लांब होतो आणि परत आखडतो, म्हणून गाडीत बसलेला माणूस सुखी राहतो. पण लांब व्हायला त्याला जागा पाहिजे. त्यासाठी त्याचं एक टोक झुलत्या कडीला अडकवलेलं असतं. ती शॅकल. शॅकलमधून बोटाएवढी जाड, आटे पाडलेली पिन जाते, आणि ती पिन ग्रीसमध्ये फिरत राहायला हवी. आमच्या पिनेला ग्रीस बहुधा निजामाच्या राज्यानंतर कुणी दाखवलंच नव्हतं. पिन, शॅकल, पिनेभोवतीचं नळीसारखं बुश, सगळं गंजून एकजीव झालं होतं. म्हणजे पाटा होता, पण तो लोखंडी दांड्यासारखा ताठ. मी हातोडीनं ठोकून बघितलं. दगडावर ठोकल्यासारखा बद्द आवाज आला.

मामा चहा पिऊन आले तेव्हा मी अजून खालीच होते.

“मामा, डावी शॅकल जाम झालीय. पिन काढून नवी बसवावी लागेल. नाहीतर एक दिवस पाटा तुटणार.”

ते जाऊन स्टिअरिंगवर बसले. तिसऱ्या दिवशी औशाच्या रस्त्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, “तीस वर्षं झाली गाडी चालवून राहिलो. मपल्या गाडीखाली आजपातूर कोन्ही बाईमाणूस गेलं न्हवतं.”

“मग काय झालं? गाडी बाटली का?” मी विचारलं.

ते एकदम हसले, आणि हसू आल्याचा त्यांना राग आला. पण पिनेला काही हात लावला नाही.

पुढच्याच आठवड्यात शिरूर अनंतपाळच्या बाजूला एका गावाला निघालो. गाव दोन फर्लांगांवर दिसत होतं, पारावर माणसं जमलेली दिसत होती, आणि एका साध्या, अगदी किरकोळ खड्ड्यात बंदुकीसारखा आवाज झाला. जीप डावीकडं बसली. मी पेटी छातीशी धरून दारावर आदळले, आणि तारेनं बांधलेलं ते दार पहिल्यांदाच काही कामाला आलं.

मामा उतरले, वाकले, आणि तसेच वाकलेले राहिले. सगळ्यात वरची, मुख्य पट्टी मधोमध तुटली होती. मला तोंडावर आलेलं वाक्य गिळायला फार कष्ट पडले. मी ते गिळलं. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “म्हना की. म्हनून टाका.”

“काय म्हणू?”

“ते जे व्हटावर आलंय ते.”

“मी सांगितलं होतं,” मी म्हटलं.

“हाव. सांगितलं व्हतं,” ते म्हणाले, आणि टोपी काढून घाम पुसला. आमच्यातलं पहिलं भांडण असं मिटलं.

गावकऱ्यांनी जीप ढकलत पारापाशी नेली. पॉइंट बघायला आलेल्या गर्दीला एकाच दिवशी दोन खेळ बघायला मिळाले. मी म्हटलं, गाडी राहू द्या, आधी काम. जमिनीत चार सळया रोवायच्या, त्यातून वीज सोडायची आणि पेटीतला काटा काय म्हणतो ते वहीत उतरवायचं, असं ते काम. पण कोरड्या जमिनीत वीज जात नाही. म्हणून प्रत्येक सळीच्या बुडाशी मिठाचं पाणी घालावं लागतं. मी पाणी मागितल्यावर सगळे माझ्याकडं बघायला लागले.

एका म्हाताऱ्यानं सावकाश विचारलं, “म्हंजी, पानी सापडवायला पानी लागतंय?”

“हो. थोडंसं. चार तांबे.”

“आन् न्हाई सापडलं तर हे चार तांबे बी गेले.”

सगळे हसले, पण पाणी मोजून तांब्यानं आलं, आणि ओतताना एकेक माणूस जमिनीकडं असा बघत होता, जसं तिनं ते परत द्यायला पाहिजे. दुपारपर्यंत मी तीन ठिकाणी तपासलं आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला एका बाभळीजवळ खूण केली.

परत आले तर पारावर गावातला लोहार येऊन बसला होता. वय सत्तरच्या आसपास, पांढऱ्या भुवया, दंडावर जळाल्याचे जुने डाग. नांगराचे फाळ आणि कुळवाच्या फासा धारवणं हा त्यांचा धंदा, पण जमीनच नांगरली जात नव्हती तर फाळ कोण आणणार. कितीतरी महिन्यांत भट्टी पेटवली नव्हती. आयुष्यात त्यांनी मोटारीला कधी हात लावला नव्हता. आता जीपभोवती ते असे फिरत होते की जणू गाडी त्यांच्यासाठीच तुटली होती.

“लोखंड हाय ना?” ते मामांना म्हणाले. “मग आपलंच हाय.”

“ह्ये सरकारी लोखंड हाय,” मामा म्हणाले.

“सरकारी काय आन् गावठी काय. गंज सगळ्याला सारखाच चढतोय.”

तुटकी पट्टी बदलायची तर आधी ती जाम पिन काढायला हवी होती, आणि तोवर गावानं त्यावर उपाय सुचवायला सुरुवात केली होती. एकानं रॉकेल आणलं, ते मामांनी पिनेवर ओतलं. एक बाई चिंच कोळून घेऊन आली. तांब्याची भांडी हिनंच निघतात, म्हणाली. शाळेच्या मास्तरांनी चुना सुचवला, पण चुन्यानं काय होईल ते त्यांनाही सांगता येईना. एका म्हाताऱ्यानं आंबट ताक ओतून एक रात्र ठेवा असं सांगितलं, आणि गावात ताक कुठं आहे असं विचारल्यावर म्हणाला, “न्हाई. पन आसतं तर निगालं आसतं.” मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि पान्याला लोखंडी नळी लावून जोर केला. पान्याचं तोंड फाकलं. पिन हलली नाही.

पिन निघेल तेव्हा निघेल, पण पाट्याची नवी पट्टी लागणार एवढं स्पष्ट झालं. मी म्हटलं, “मामा, संध्याकाळच्या बसनं उदगीरला जाऊन आणा.”

“मी? आन् गाडी?”

“गाडी कुठं जातेय?”

“त्येच की. गाडी इतं आन् मी तितं, आसं जमायचं न्हाई.” त्यांनी जीपच्या बॉनेटवर हात ठेवला. “यादीत आमी एका खाली एक हाव.”

म्हणून मी गेले. उदगीरला माझी मावशी होती, तिच्याकडं मुक्काम केला. मावशीनं विचारलं, काय काम काढलंस? मी म्हटलं, पाटा घ्यायचाय. तिनं सकाळी उठून मला भांड्यांच्या दुकानात नेलं आणि दगडी पाटे-वरवंटे दाखवायला लावले. तिला समजावण्यात अर्धा तास गेला.

भंगारवाल्यांच्या गल्लीत एका मियाँजींचं दुकान होतं. दाढीला मेंदी, समोर मोटारींच्या हाडांचे ढीग. मी तुटक्या पट्टीचं माप सुतळीवर गाठ मारून आणलं होतं. त्यांनी सुतळी हातात घेऊन माझ्याकडं बघितलं.

“किसके वास्ते होना?”

“जीप. पुढचा. डावा.”

“हौ, मिलता ना. कायकू नहीं मिलता?” ते ढिगात शिरले, खणखणाट झाला, आणि पट्टी घेऊन बाहेर आले. सुतळीला तंतोतंत. “पिन और बुश भी लेके जाव, बेटी. वो पुरानी निकली तो बी खराब होकेच निकलेगी.”

“निघेल ना पण?”

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. “लोहा है. मनाना पडता.”

बसमध्ये चढताना माझ्या एका खांद्याला पर्स होती आणि दुसऱ्या खांद्यावर माझ्याहून थोडीशीच कमी उंचीची लोखंडी कमान. कंडक्टरनं आधी मला थांबवलं, मग पट्टीला थांबवलं. ही लगेज की माणूस यावर थोडी चर्चा झाली. शेवटी तो म्हणाला, “मांडीवर घेतली तर काही न्हाई, खाली ठेवली तर लगेज.” मी मांडीवर घेतली. तिचं एक टोक खिडकीतून बाहेर आणि दुसरं शेजारच्या बाईच्या नाकासमोर. त्या बाईनं मान मागं घेऊन विचारलं, “लगन हाय का घरात?”

“नाही. का?”

“मग ही कमान कशाला?”

मी सांगितलं, जीपला लावायची आहे. तिनं समजून मान हलवली आणि पलीकडच्या बाईला सांगितलं, “जीपला कमान बांधायलेत. मंतरी येनार आसतील.” मी गावात उतरेपर्यंत अर्ध्या बसला मंत्री येणार असल्याचं कळलं होतं.

पारापाशी मात्र वातावरण बिघडलेलं होतं. मामा जीपच्या उजवीकडं बसले होते, लोहारबाबा डावीकडं, दोघांची तोंडं दोन दिशांना. मध्ये पुढचं चाक काढलेली जीप दगडांवर टेकवलेली.

मामा म्हणाले, “ह्यान्ला जाळ करायचाय.”

लोहारबाबा म्हणाले, “ह्यान्ला नुस्तं बडवायचंय. सकाळधरनं बडवून राहिले. पिनेचं डोस्कं चपटं झालं.”

“सरकारी गाडीला जाळ? उद्या पेटली तर मी काय तोंड दाखवू?”

“मग बसा बडवत. मी बसलोच हाय. मला तरी कुटं काम हाय?”

मी पट्टी खाली ठेवली आणि वाकून पिनेकडं बघत बसले. बराच वेळ. वडील काय करायचे ते आठवत होते. मग मी म्हटलं, “दोघांचंही बरोबर आहे.”

दोघांनाही ते आवडलं नाही.

“जाळ द्यायचा, पण पिनेला नाही. बाहेरच्या कडीला. बाहेरचं तापून फुगलं की आतल्याची पकड सुटते. गरम असतानाच तेल सोडायचं, ते आत ओढलं जातं. मग बडवायचं, पण हळू, चारी बाजूंनी. आणि पाना लावला की आधी सोडवायला जायचं नाही. आधी रेघभर घट्ट करायचं.”

“घट्ट?” मामा ओरडले. “निगत न्हाई म्हनून बोंबलून राहिलो, आन् तुमी घट्ट करा म्हन्ता?”

“गंजाची पकड कुठल्याही बाजूनं मोडली तरी मोडते. घट्ट करताना नट सावध नसतो.” हे शेवटचं वाक्य वडिलांचं होतं, शास्त्रात त्याला काही आधार नाही.

लोहारबाबांनी पांढऱ्या भुवया वर केल्या. “कुनाजवळ शिकलीस, माय?”

“वडिलांजवळ. फिटर होते.”

“तरी म्हनलं,” ते उठत म्हणाले, आणि तेवढ्यावर माझी नेमणूक पक्की झाली.

मामांनी अटी घातल्या. पेट्रोलची टाकी उजवीकडं त्यांच्या सीटखाली होती, ती आधी रिकामी करायची आणि डबा पार लांब शाळेत ठेवायचा. बॅटरीची वायर काढायची. आणि गाडीचा जेवढा भाग जाळाजवळ येईल तेवढ्यावर ओली पोती. ओली म्हटल्यावर सगळे पुन्हा माझ्याकडं बघायला लागले.

जवळच्या घरातली एक बाई कमरेवर हात ठेवून सगळं बघत उभी होती. ती म्हणाली, “ज्वारी धुतलेलं पानी हाय. चालंल का?” चालेल म्हटल्यावर ती घमेलं घेऊन आली, पण ओतण्याआधी माझ्याजवळ थांबली. “बाई, तुमी कोनाच्यातल्या?”

हा प्रश्न मला नवा नव्हता. मी तोंड उघडायच्या आत जीपखालून मामांचा आवाज आला, “पान्याच्या खात्यातल्या!”

लोक हसले. बाई हसली नाही. तिला उत्तर हवं होतं. मी म्हटलं, “नांदेडची. आम्ही बौद्ध.”

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. बोटांपासून कोपरापर्यंत गंज आणि तेल, पदर कमरेला, कपाळावर काळा डाग. मग ती म्हणाली, “मपल्या लेकीची साळंतली बाई बी बौद्धच हाय. लई मारती.” आणि घमेलं पोत्यांवर ओतलं. मला हसू आवरेना. ती पुढं म्हणाली, “पन पोरीला पाढे आले,” आणि रिकामं घमेलं घेऊन जवळच खाली बसली, शेवटपर्यंत हलली नाही.

लोहारबाबांनी भाता पारापाशी आणवला. कोळसा पेटला. निखाऱ्यांनी भरलेलं एक लहानसं मडकं त्यांनी चिमट्यानं कडीच्या खाली असं धरलं की जाळ जिथं पाहिजे तिथंच लागत होता, बोटभरही इकडं तिकडं नाही. ज्या माणसानं आयुष्यात मोटारीला हात लावला नव्हता, त्याचा हात अजिबात हलत नव्हता. कडी काळी पडली, मग जांभळट झाली. मामा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते.

“आता,” लोहारबाबा म्हणाले.

मी तेल सोडलं. चर्र झालं, धूर आला, मामा दचकून मागं सरकले. लोहारबाबांनी लहान हातोडीनं टक टक सुरू केलं, सोनार ठोकतो तसं. मग मी पाना लावला आणि मामांना म्हटलं, “लावा जोर. घट्ट करायला.”

“मी न्हाई. तुमीच लावा.”

“माझ्यात जोर नाही मामा.”

त्यांनी पाना धरला. पाय जीपला टेकवला. घट्ट करायच्या दिशेला ओढलं, आणि मधूनच ‘कट्’ असा बारीक आवाज आला.

“तुटली!” मामा म्हणाले.

“न्हाई,” लोहारबाबा म्हणाले. “सुटली.”

मामांनी पाना उलट फिरवला. एक रेघ. परत तेल, परत टक टक, परत एक रेघ. पिन फिरताना अशी किंचाळत होती की पारावरचे कावळे उडाले. कुणीतरी मोजायला सुरुवात केली, मग सगळेच मोजू लागले, प्रत्येक वेढ्याला एक आकडा, आणि सतराव्या वेढ्याला ती पिन निखळून घमेलं आणणाऱ्या बाईच्या पायाशी जाऊन पडली. तिनं उचलायला हात पुढं केला.

“गरम हाय!” आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

मामांनी लोहारबाबांना मिठी मारली. दोघांचे सदरे एकमेकांच्या काजळीनं काळे झाले. त्यानंतर मामांना माझ्याकडं बघून काय करावं ते कळेना. मॅडमना मिठी कशी मारणार, म्हणून त्यांनी मला सलाम केला. तीस वर्षांत अनेक साहेबांना केला असेल तसा नव्हे, जरा लाजून.

उदगीरची पट्टी बसली, नवी पिन बसली, आणि ऊन कलायच्या आत आम्ही निघालो. लोहारबाबांना काय द्यावं म्हणून मामांनी विचारलं तर ते म्हणाले, एक चक्कर. त्यांना पुढं बसवून गावाला वळसा घातला. ते दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला चाकाकडं वाकून बघत होते, आपण सोडवलेलं लोखंड काम करतंय का म्हणून.

बाभळीजवळच्या त्या बोअरला पाणी लागलं नाही. मशीन दिवसभर चाललं आणि पांढरी धूळ तेवढी निघाली. मला गावात तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण जावं लागलं. ते चार तांब्यांबद्दल बोलणारे म्हातारबुवा भेटले. मी मान खाली घातली. ते म्हणाले, “आसू द्या. जीप कशी हाय?” पुढच्या महिन्यात ओढ्याच्या दुसऱ्या अंगाला दिलेल्या पॉइंटला बेताचं पाणी लागलं. हापसा बसला, पहिल्या दिवशी आम्हाला बोलावून त्याचं पाणी पाजलं. खारट होतं. मी दोन तांबे प्यायले.

जीपची मात्र एक नवीनच अडचण झाली. डावीकडचा पाटा मऊ झाला आणि उजवीकडचा जाम तो जामच. मी डावीकडं बसायची, मामा उजवीकडं. खड्डा आला की मी पाळण्यात बसल्यासारखी डुलायची आणि मामा सीटवरून हातभर उडायचे. त्यांची टोपी छताच्या ताडपत्रीला लागायची. मी विचारायची, “मामा, उजवीकडचंही काढू या का?” ते म्हणायचे, “कामून? मला काय झालंय?” हे असं चार महिने चाललं. चार महिन्यांत त्यांनी पाठीला तीन प्रकारचं तेल लावलं आणि तिन्हींच्या वासानं जीप भरून गेली.

मग एका सकाळी मी कचेरीत पोचले तर अंगणात जीप दगडांवर चढवलेली. खाली मामा आडवे. माझे पाय ओळखून म्हणाले, “मॅडम, जरा इकडचं बी बगा बरं. आधी घट्ट करू ना?”

मी साडी खोचून खाली शिरले. स्टोव्ह, तेल, लहान हातोडी, सगळं त्यांनी मांडून ठेवलं होतं, टाकी रिकामी केली होती. अर्ध्या तासानं आमचे साहेब आले. ते व्हरांड्यात उभं राहून शिपायाला विचारत होते, “मॅडम आल्या नाहीत का अजून?” शिपायानं (हे त्यानंच नंतर सांगितलं) जीपखालून बाहेर आलेल्या चार पायांकडं बोट दाखवलं. मग साहेब जीपजवळ येऊन, पायांच्या वरच्या बाजूला बघत, अगदी अदबीनं म्हणाले, “मॅडम, सवड झाली की माझ्या स्कूटरचा पण एक नट आहे.”

उजवी पिन दुपारपर्यंत निघाली. नवी बसवली आणि आम्ही दोघं गाडी बघायला औशाच्या रस्त्याला लागलो. त्याच त्या डांबरावर. गाडी इतकी अलगद चालली की पेटी मी पहिल्यांदाच मांडीवरून उतरवून शेजारी ठेवली. मामांनी डोळे बारीक केले होते. मला वाटलं, खूश झाले असतील. दोन मैलांवर त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरून तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन बसले.

“काय झालं, मामा?”

“झोप येऊन राहिली ना, मॅडम,” ते कळवळून म्हणाले. “तीस वर्षांत कदी आली न्हवती. तुमी आता बोलत ऱ्हावा माझ्यासंगं. काय बी बोला, पन थांबू नका.”

म्हणून मी बोलायला लागले. आधी नट-बोल्टचं, मग नांदेडचं, वडिलांचं, आईचं. ते मधूनमधून “हाव” म्हणत राहिले, आणि औसा यायच्या आतच माझं थांबवून स्वतःचं सांगायला लागले.